घर्षण नगण्य माना

शाळेत भौतिकशास्त्राच्या गणितात शेवटी एक ओळ हमखास असायची: घर्षण नगण्य माना. मग लाकडी ठोकळा उतारावरून बिनबोभाट घसरायचा आणि उत्तर सुटसुटीत यायचं. ‘बीएल आणि गे माणसांवरची मालिका, दोन्ही एकच ना?’ असं कुणी विचारलं की मला ही ओळ आठवते. बीएल म्हणजे ‘बॉइज लव्ह’, मुलामुलांच्या प्रेमाच्या, मूळच्या मुलींसाठी रचलेल्या जपानी कथा. ही सांगड माझ्या डोक्यातून आलेली नाही, एका जपानी मालिकेनं दिलेली आहे.

मालिका एनएचकेची, म्हणजे जपानच्या सार्वजनिक वाहिनीची. एप्रिल ते जून २०१९, शनिवारी रात्री उशिरा, एकूण आठ भाग. नावाचा अर्थ साधारण असा की एका फुजोशीनं नकळत गे मुलालाच आपलं प्रेम सांगितलं. फुजोशी म्हणजे बीएलचं वेड असलेली मुलगी. जपानीत ‘स्त्रीवर्ग’ अशा अर्थाचा एक जुना, सभ्य शब्द आहे, त्याचा उच्चारही फुजोशीच. त्यातलं पहिलं अक्षर काढून तिथं त्याच उच्चाराचं ‘कुजणं’ या अर्थाचं अक्षर बसवलं, की झाली ‘नासकी मुलगी’. ही थट्टा बीएलवाल्या मुलींनी स्वतःच स्वतःची केली आणि मग ती बिरुदासारखी मिरवली.

आंदो जुन हा शाळकरी मुलगा गे आहे आणि हे वर्गात कुणालाच माहीत नाही. पुस्तकांच्या दुकानात त्याला वर्गातली मिउरा साए दिसते, हातात बीएलचं पुस्तक. ती कासावीस होते, कुणाला सांगू नकोस म्हणून गळ घालते. एकाच दुकानात दोन गुपितं उभी आहेत. तिचं उघड झालं तर हसं होईल. त्याचं उघड झालं तर काय होईल, याचा तो विचारसुद्धा करू धजत नाही. ओळख वाढते, मिउरा त्याच्या प्रेमात पडते, त्याला विचारते आणि तो हो म्हणतो.

का म्हणतो, हा या मालिकेचा गाभा आहे. जुन तिला फसवायला निघालेला नाही. त्याचं एका वयानं मोठ्या, संसारी पुरुषाशी नातं आहे, आणि त्याच वेळी त्याला बायको हवी आहे, मुलं हवी आहेत, एकटीनं वाढवणाऱ्या आईला नातवंडं दाखवायची आहेत. घरच्यांचा दबाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्थळं आणणारी आत्या येते. इथं तशी कुणी लागतच नाही. जुनच्या आत ती आधीपासून बसलेली आहे.

घर्षणाची गोष्ट त्याला सांगतो क्वीन बँडच्या प्रेमातून नेटवर जमलेला एक मित्र. सांगणं साधारण असं, की जग समजायला अवघड, म्हणून माणसं ते सोपं करून घेतात, गणितात घर्षण काढून टाकतात तसं. प्रत्यक्षात ते कधीच शून्य नसतं.

बीएल हे घर्षण काढून टाकलेलं जग आहे, आणि तसं असणं हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची मूळ रीत आहे. ही परंपरा मुलींच्या मासिकांतली. १९७०च्या दशकात ताकेमिया केइको, हागिओ मोतो अशा चित्रकथाकार बायकांनी मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा काढल्या, वाचल्या त्या मुलींनी. १९७८ साली या प्रकाराला वाहिलेलं ‘जून’ नावाचं मासिक निघालं. हौशी मंडळींच्या कथांना ‘याओइ’ म्हणत. शिखर नाही, शेवट नाही, अर्थ नाही, अशा तीन शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेली ही आणखी एक स्वतःचीच टवाळी. ‘बॉइज लव्ह’ हे नाव नंतर, १९९०च्या दशकात रुळलं. समलिंगी पुरुषांची ‘बाराझोकु’सारखी मासिकं तेव्हा वेगळी निघतच होती, ती १९७१पासून. दुकान वेगळं, गिऱ्हाईक वेगळं.

या दोन दुकानांत भांडणही झालेलं आहे. १९९२मध्ये सातो मासाकी या गे कार्यकर्त्यानं एका स्त्रीवादी पत्रिकेत याओइ लिहिणाऱ्या बायकांवर सडकून टीका केली. आमच्यासारख्यांना तुम्ही करमणुकीचा माल करून टाकलंत, असा त्याचा रोख होता. बायकांनी उत्तरं दिली. पुरुषांच्या नजरेखाली वाढलेल्या आम्हाला प्रेम कल्पायला एक अशी जागा हवी होती, जिथं बाईचं शरीरच नाही, असं काहींचं म्हणणं. वाद काही वर्षं चालला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि मिउरा-जुनची गोष्ट हा तोच वाद दोन शाळकरी पोरांच्या तोंडी घालते असंही वाटतं.

मग पडद्यावर फरक ओळखायचा कसा? नट देखणे आहेत का, चुंबन आहे का, शेवट गोड आहे का, यावरून काही कळत नाही. मी एकच बघते: घरचे कुठे आहेत? बीएलमध्ये प्रश्न असतो, दोघं एकत्र येणार का. ‘मी गे नाही, मला फक्त तू आवडतोस’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य, आणि ते उच्चारलं की आई, ऑफिस, कायदा सगळं चौकटीबाहेर जातं. समलिंगी आयुष्यावरची मालिका बहुधा त्याच्या पुढे सुरू होते. दोघं एकत्र राहतात, आता नवीन वर्षाला कुणाच्या घरी जायचं?

‘किनोउ नानि ताबेता?’, म्हणजे ‘काल काय जेवलास?’, ही मालिका नेमकी तिथं उभी आहे. टीव्ही टोकियोवर २०१९च्या एप्रिल ते जूनमध्ये बारा भाग, २०२१ साली चित्रपट, २०२३ साली दुसरं पर्व. मूळ चित्रकथा योशिनागा फुमी यांची. त्या बीएलमधूनच पुढे आलेल्या, पण ही कथा २००७पासून ‘मॉर्निंग’ या प्रौढ पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात येते आहे. म्हणजे बाई लेखिका की पुरुष, या कसोटीवरही भरवसा ठेवू नका.

काकेइ शिरो हा पन्नाशीकडे झुकलेला वकील, केंजी हा सलूनमध्ये केस कापणारा. महिन्याचा किराणा पंचवीस हजार येनमध्ये बसवायचा, हा शिरोचा हट्ट. संध्याकाळी वेळेवर ऑफिसातून सुटायचं, सुपरमार्केटात भाव बघायचे, घरी येऊन चार पदार्थ करायचे. केंजी गिऱ्हाइकांना आपल्या जोडीदाराबद्दल बिनधास्त सांगतो. शिरोनं ऑफिसात चकार शब्द काढलेला नाही. दोघांचं खरं भांडण यावरून होतं.

शिरोची आई वाईट नाही. उलट, समजून घ्यायचा ती जिवापाड प्रयत्न करते, आणि तोच शिरोला सोसत नाही. तू गुन्हेगार असलास किंवा समलिंगी असलास तरी आम्ही तुला स्वीकारू, असं ती त्याला प्रेमानं सांगते. एकाच दमात, एकाच पंक्तीत! शिरोच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नसतो, नुसता शीण असतो. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात तो केंजीला नवीन वर्षासाठी आईवडिलांकडे घेऊन जातो. केंजी हरखून जातो. बीएल असतं तर पडदा इथं पडला असता. चित्रपट मात्र पुढे जातो: पुढल्या वेळी त्याला आणू नकोस, असं घरून सांगितलं जातं. हे केंजीला कसं सांगायचं म्हणून शिरो त्याला क्योतोच्या सहलीला नेतो, खर्चाचा विचार न करता. एवढी उधळपट्टी बघून केंजीला आनंदाआधी धास्तीच वाटते.

आणि कायदा. याच मालिकेत एका परिचित जोडप्यातला थोरला शिरोकडे सल्ला मागतो. आपल्या मागे गावाकडच्या आईवडिलांकडे एक येनही जाऊ नये, सगळं जोडीदाराला मिळायला हवं, असं त्याला वाटतं. त्यासाठी त्याला जोडीदारालाच दत्तक घ्यायचं आहे. जपानमध्ये प्रौढ माणसाला दत्तक घेता येतं, मुख्य अट अशी की घेणारा वयानं मोठा हवा. ज्याच्याबरोबर संसार केला तो कागदावर मुलगा! शिबुया आणि सेतागाया या टोकियोतल्या वॉर्डांनी नोव्हेंबर २०१५पासून समलिंगी जोडप्यांना दाखले द्यायला सुरुवात केली, पण वारसाहक्क त्या दाखल्यानं मिळत नाही.

अधलंमधलंही बरंच आहे. २०१८ची ‘ओस्सान्स लव्ह’ लोक बीएल म्हणून बघतात. तिच्यात पंचावन्नच्या आसपासचा साहेब हाताखालच्या पोरावर फिदा होतो, बीएलच्या सगळ्या खुणा आहेत, पण साहेबाची तीस वर्षांची बायकोही आहे आणि तिला मालिकेनं कोपऱ्यात ढकललेलं नाही. ‘चेरी मॅजिक’ २०२०ची, तिच्यात नायकाला तिशी गाठताच स्पर्शानं मनातलं ऐकू येतं. घर्षणाचं नावही नाही, आणि दमून आलेल्या दिवशी मला तीच लागते.

जाता जाता एक गंमत. शिरोचं काम करणारा निशिजिमा हिदेतोशी १९९३मध्ये फुजी टीव्हीच्या ‘असुनारो हाकुशो’मध्ये होता. कॉलेजातल्या पाच मित्रमैत्रिणींची ती गोष्ट. त्याचं पात्र आपल्या मित्रावर गुपचूप प्रेम करणारं, आणि गोष्ट पुरी व्हायच्या आत त्याला अपघातात मरण येतं. त्या मित्राचं आडनाव होतं काकेइ. लिपीत अक्षरं वेगळी, उच्चार तोच. सव्वीस वर्षांनी निशिजिमा स्वतः काकेइ होऊन सुपरमार्केटात उभा राहिला, महिनाअखेरचे येन मोजत.