पापडासारखी सादळणारी फिल्म

मागच्या जुलैत गुहागरच्या घरी १२० चा, म्हणजे रुंद फिल्मचा, रोल पहिल्यांदा स्वतः धुवायला घेतला आणि चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड आत न शिरणाऱ्या पिशवीत, हात घालून वीस मिनिटं झाली तरी फिल्म काही रीलवर चढेना. रील म्हणजे टँकच्या, फिल्म धुवायच्या बंद डब्याच्या, आत बसते ती खाचांची चक्री, फिल्म त्या खाचांतून सरकत गोल गोल आत जाते म्हणजे एक वेढा दुसऱ्याला चिकटत नाही आणि मधून केमिकल खेळतं राहतं. वीतभर गेली आणि अडकली. काढली, परत घातली, परत अडकली. धुऊन बघितलं तर बारापैकी पाच फोटोंवर नखाच्या आकाराचे अर्धचंद्र उमटलेले, आजीचा रहाटापाशी काढलेला फोटो त्यातच गेला, त्याचं आजही वाईट वाटतं.

ते अर्धचंद्र फिल्म दुमडल्याचे. १२० ची फिल्म साधारण ६१ मिमी रुंद, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएम रोलच्या पावणेदोनपट, आणि वर पातळ. इल्फर्ड कंपनीच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचा बेस, म्हणजे खालचं प्लास्टिक, ३५ मध्ये ०.१२५ मिमी असतो आणि १२० मध्ये ०.११०. रुंद आणि पातळ वस्तू मधेच मुडपते, आणि तिथे दाब बसला की उजेड न लागताही चांदीच्या कणांवर परिणाम होतो.

पण अडकली का? पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड जसा सादळतो तशीच फिल्म सादळते. फिल्मच्या प्लास्टिकवर जो थर असतो तो जिलेटीनचा, गुरांच्या हाडाकातड्यापासून काढलेलं जिलेटीन, आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक अडकवलेले. जिलेटीन हवेतला ओलावा ओढून घेतं, फुगतं, चिकट होतं. आमच्याकडे जुलैत हवा आधीच ओलीचिंब, त्यात बंद पिशवीत आपले दोन घामेजलेले हात, म्हणजे आत वाफाऱ्याचं भांडंच झालं. प्लास्टिकच्या रीलमध्ये फिल्म पुढे ढकलायला छोट्या गोळ्या असतात, त्याही ओलाव्याने चिकटतात.

याच फुगण्यावर सगळी फोटोग्राफी उभी आहे हे मला नंतर कळलं आणि राग पार गेला. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरने जिलेटीन वापरायची कल्पना मांडली, त्याआधी काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावा लागे. जिलेटीन कोरडं असताना स्फटिकांना जागच्या जागी धरून ठेवतं आणि पाण्यात गेलं की फुगून केमिकलला आत वाट देतं, पण विरघळत नाही. शिवाय १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने शोधलं की काही जिलेटीन जास्त चांगलं चालतं त्याचं कारण त्यातले गंधकाचे अंश, जे गुरांनी मोहरीसारखी झाडं खाल्ल्यामुळे येतात. गाईने काय चरलं यावर फिल्मचा वेग, म्हणजे ती किती कमी उजेडात चालते ते, ठरत होतं, मला हे फार सुंदर वाटतं.

उजेड पडतो तेव्हा स्फटिकावर चांदीचे जेमतेम चारेक अणू तयार होतात, डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. डेव्हलपर, म्हणजे पहिलं केमिकल, अशा स्फटिकांना ओळखून त्यातली सगळी चांदी मोकळी करतो, बाकीच्यांना हात लावत नाही. उरलेलं ब्रोमाइड मग हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, विरघळून निघून जातं.

आता तापमान. डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरलं तर एचपी५ ला २० अंशाला ११ मिनिटं, २४ ला पावणेआठच्या आसपास. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या वर असतं, तिथे हिशेब पाच मिनिटांखाली येतो, आणि पाच मिनिटांहून कमी वेळात केमिकल सगळीकडे सारखं पोचत नाही, आकाशात डाग पडतात. म्हणून बादलीत विहिरीचं पाणी, त्यात बर्फाची पिशवी, आणि सगळ्या बाटल्या त्यातच उभ्या. नुसता डेव्हलपर गार करून चालत नाही बरं का, पुढचं पाणी एकदम गरम लागलं तर फुगलेल्या जिलेटीनला जाळीसारख्या सुरकुत्या पडू शकतात आणि त्या कायमच्या. फिक्सरमध्ये तुरटी घालायची जुनी पद्धत आहे ती याचसाठी, तुरटी जिलेटीनला घट्ट करते.

रील भरायचं मी आता माजघरात करतो, रात्री, दाराच्या फटीत गोधडी खोचून. पिशवी नाही म्हणजे वाफ नाही. रील आधी हेअर ड्रायरने खडखडीत वाळवून सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेलं असतं. १२० च्या फिल्मसोबत गुंडाळलेला कागद उलगडत गेलं की आधी फिल्मचं मोकळं टोक लागतं, चिकटपट्टीचं टोक सगळ्यात शेवटी, ती पट्टी हळू सोडवायची, फटकन ओढली तर अंधारात निळसर उजेड चमकतो. आणि १२० च्या एका रीलला पॅटरसनच्या टँकमध्ये ५०० मिली केमिकल लागतं, ३५ च्या सवयीने २९० ओतलं तर अर्धी फिल्म कोरडी राहील.

हायपो धुऊन काढण्याबद्दल एक किनाऱ्यावरची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर गोडं पाणी कमी म्हणून समुद्राच्या पाण्यात फिल्म धुवायचे, तर ती गोड्या पाण्यापेक्षा लवकर स्वच्छ होते असं दिसलं, कारण खारट पाण्यातले क्षार जिलेटीनला धरून बसलेला हायपो सोडवतात. कोडॅकचं हायपो क्लिअरिंग एजंट यातूनच आलं. मात्र शेवटी गोडं पाणी हवंच, मीठ राहिलं तर चांदी खराब होते.

शेवटचं बुचकळणं मी बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात करतो, मग न्हाणीघरात खाली चिमटा लावून टांगतो. पावसात वाळायला पूर्ण दिवस लागतो, तोवर दार उघडायचं नाही, ओल्या जिलेटीनवर धूळ बसली की निघत नाही. वाळली की तीन-तीन फ्रेम कापून लगेच हवाबंद डब्यात, कारण बुरशीला जिलेटीन खायला फार आवडतं आणि आमच्याकडे ती कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही सोडत नाही.