ओतकाम उद्यमबागेतलं आणि तोंडातलं

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, की ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. बिडाला (ओतीव लोखंडाला) साधारण एक टक्का धरून तो पॅटर्नच तेवढा मोठा करतो. दाताची धातूची कॅपही अशीच ओततात. मेणाची कॅप घडवायची, तिच्याभोवती साचा भरायचा, तापवून मेण घालवायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. रीत हजारो वर्षांची. दंतवैद्यकात ती रुळली अमेरिकेच्या विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मांडल्यावर.

पण इथे पॅटर्न मोठा करून भागत नाही. मेण रुग्णाच्या दाताच्या नमुन्यावर चपखल बसवलेलं असतं, आणि सोन्याचा मिश्रधातू तर सुमारे दीड टक्का आकसतो. मग साचाच फुगवतात. त्यातली सिलिका (वाळूतलं मुख्य खनिज) तापली की प्रसरण पावते आणि धातूची तूट भरून निघते. बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, पोरांना ही टक्केवारी पाठ करायचा कंटाळा येतो. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. मुलांना एक दिवस फाउंड्रीत उभं केलं तर निम्मा धडा तिथेच होईल, असं मला वाटतं.

फाउंड्रीतली एक समजूत मात्र तोंडात नडते: जितकं ताठ, तितकं चांगलं.

रूट कॅनॉल केलेल्या दाताचा वरचा भाग फारसा उरला नसेल, तर दाताच्या मुळाच्या आत बारीक सळी बसवून तिच्या आधाराने कॅप उभी करतात. या सळीला पोस्ट म्हणतात. दाताच्या आतल्या डेंटिनचा (कवचाखालच्या थराचा) ताठरपणा १८-२० गिगापास्कल (ताठरपणा मोजायचं एकक), तर धातूच्या सळीसाठी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूचा २०० च्या वर. चावताना डेंटिन किंचित लवतं, सळी जवळजवळ लवतच नाही, आणि सगळा ताण मुळात खोलवर, सळीच्या टोकापाशी साचतो. त्यात चिकोडी-संकेश्वरकडचा माणूस पुढच्या दातांनी ऊस सोलणार, म्हणजे जोर आडवा. मूळ उभं तडकलं की दात बहुधा काढावाच लागतो. काचतंतूंची सळी ताठरपणात डेंटिनच्या बरीच जवळ असते. तीही निकामी होते, पण बहुतेकदा सुटून येते. पुन्हा चिकटवता येते.

तरी सगळं श्रेय सळीला देऊ नये. हिरडीच्या वर, चहूबाजूंनी, शाबूत दाताचा दीड-दोन मिलिमीटर उंचीचा पट्टा उरला आहे का, आणि कॅपने तो कवेत घेतला आहे का, हे जास्त महत्त्वाचं. पटाशीची मूठ चिरू नये म्हणून तिला लोखंडी कडं घालतात, तेच काम कॅपची कड इथे करते. पट्टाच नसेल तर सळी कुठलीही घाला, भरवसा कमी. अशा वेळी काही डॉक्टर आधी ब्रेसेसच्या तारेने मूळच काही आठवडे हळूहळू वर ओढून घेतात आणि मग कॅपचं माप घेतात.