टाकी, नळ आणि आरोग्य खात्याची तपासणी: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

टाकी सफाईसाठी आम्हाला हॉटेल-खानावळवाल्यांचे बरेच फोन येतात ते "इन्स्पेक्टर येऊन गेले, नोटीस दिलीय, उद्याच माणसं पाठवा" असे. माणसं पाठवतोच, पण तपासणी आली म्हणून टाकी धुणं आणि पाणी कायम चांगलं राहणं ह्यात फरक आहे, म्हणून हे लिहितोय.

सार्वजनिक पुरवठ्याचं पाणी आरोग्य खातं तपासत असतं, ते ठीक. पण मीटरनंतरचं सगळं, म्हणजे खालची टाकी, पंप, वरची टाकी, किचनपर्यंतचा पाइप, हे साधारणपणे जागामालकाकडे येतं आणि आम्हाला गडबड सापडते ती बहुतेक तिथेच. नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. टाकीत गाळ साठलाय, झाकण नीट बसत नाही, पाणी कित्येक दिवस पडून आहे, असं असलं की ते क्लोरीन संपतं आणि मग वरून पक्ष्याची घाण पडली तरी तिला आवरायला पाण्यात काहीच नसतं, दिसायला मात्र पाणी एकदम स्वच्छ. क्लोरीन बघायचं किट वापरायला सोपं असतं, रोज सकाळी किचनच्या नळावर टेस्ट करा आणि आकडा वहीत लिहा (इन्स्पेक्टरलाही चकाचक फरशीपेक्षा अशी वही बघायला जास्त आवडते, असं आमचं मत).

लॅबला नमुना द्यायचा तर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून आणू नका, प्लीज. लॅबची निर्जंतुक बाटलीच घ्या, तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीनला तिथेच थांबवतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. बाटली थंड डब्यात ठेवा, शक्यतो ६ तासांत पोचवा, २४ तासांच्या पुढे तर नाहीच. रिपोर्टात १०० मिलीमागे ई. कोलाय (आतड्यातले जंतू) शून्य पाहिजे, "थोडेच आहेत" असं चालत नाही, कारण ते दिसले म्हणजे कुठूनतरी मैला पाण्यात शिरलाय. आणि रिपोर्ट क्लिअर आला तरी तो त्या दिवसाच्या त्या नळापुरता.

जेवणाच्या बाजूला इन्स्पेक्टर काय बघतात ते तुम्हाला माहीतच असेल, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी, शिजलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये रेंगाळत ठेवायचं नाही. एक गोष्ट मात्र सर्रास राहते, जुलाब झालेल्या स्टाफला बरं वाटल्यावरही ४८ तास किचनमध्ये घेऊ नका.

टाकीत स्वतःच ब्लीचिंग पावडर टाकणार असाल तर ती अ‍ॅसिडवाल्या क्लीनरबरोबर कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो.

आम्ही यायच्या आदल्या दिवशी टाकीतलं पाणी वापरून कमी करून ठेवा, भरलेली टाकी ओतून द्यावी लागते आणि पाणी फुकट जातं.