पार्श्वभूमी : तीन-पंचमांश, पण कशाचे?

अमेरिकेच्या इतिहासातल्या चहाच्या पेट्या, युद्ध, स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, ते सोडून देतो. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारं-खिडक्या लावून जी राज्यघटना लिहिली गेली, तिच्यातल्या एका अपूर्णांकापाशी मी अडकलो.

‘घटनेनुसार काळा माणूस म्हणजे तीन-पंचमांश माणूस’ असं मी पहिल्या वर्षाच्या पेपरात ठोकून दिलं होतं. मार्कही मिळाले. नंतर मूळ कलम वाचलं, तर त्यात ‘काळा’ नाही आणि ‘गुलाम’ही नाही. राज्याची लोकसंख्या धरताना स्वतंत्र माणसं पूर्ण मोजा, त्यांत ‘इतर सर्व व्यक्तीं’चे, म्हणजे गुलामांचे, तीन-पंचमांश मिळवा, असं आहे. म्हणजे स्वतंत्र काळा माणूस पूर्णच मोजला जाई. गुलामी हा शब्द घटनेत आला तो थेट १८६५ साली, ती रद्द करताना.

आकडा मुळात कराच्या भांडणातला. १७८३ मध्ये, कोणत्या राज्याने तिजोरीत किती भरायचं ते लोकसंख्येवर ठरवू, असं निघालं. गुलाम जास्त असलेल्या दक्षिणेचे म्हणत गुलाम कमी धरा, उत्तरेचे म्हणत जास्त धरा. अर्धे की पाऊण, अशी मंडईतल्यासारखी घासाघीस होऊन तीन-पंचमांशावर तोडगा निघाला. तेराही राज्यं राजी होईनात म्हणून तो बारगळला, पण आकडा डोक्यात राहिला. चार वर्षांनी त्याच आकड्यावर प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, प्रत्येक राज्याच्या जागाही ठरणार, असं म्हटल्याबरोबर पारडी फिरली. आता गुलाम पूर्ण मोजा म्हणणारे त्यांचे मालकच होते, आणि मुळीच मोजू नका म्हणणारे उत्तरेचे. गुलामाच्या हिताचं उत्तर शून्य होतं! माझं पेपरातलं वाक्य इथे पार उताणं पडतं.

अखेर पुन्हा तीन-पंचमांशावरच तडजोड झाली. ती झाली नसती तर संघराज्यच झालं नसतं, असं तिचे समर्थक सांगतात. असेल. पण किंमत कोणी मोजली ते १७९०च्या जनगणनेत दिसतं. व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं सुमारे ४ लाख ५५ हजार, पेनसिल्व्हेनियात ४ लाख ३० हजार. जवळजवळ बरोबरी. त्यानंतर जागा वाटल्या तेव्हा पेनसिल्व्हेनियाला १३ आणि व्हर्जिनियाला १९. मधल्या फरकातला मोठा वाटा २ लाख ९२ हजार गुलामांचा, ज्यांना मत नव्हतं. बदल्यात दक्षिणेने जास्त कर भरायचा होता, पण तसे थेट कर क्वचितच बसले. राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतंही याच जागांवर बेतलेली. १८००ची निवडणूक व्हर्जिनियाच्या जेफरसनने उत्तरेच्या ॲडम्सविरुद्ध ७३ विरुद्ध ६५ अशी जिंकली, आणि हा अपूर्णांक नसता तर निकाल उलटा लागला असता, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. मलाही ते पटतं.

यादवी युद्धानंतर, घटनेच्या १८६८च्या दुरुस्तीने पूर्वीचे गुलामही पूर्ण मोजले जाऊ लागले. त्यामुळे दक्षिणेच्या जागा उलट वाढल्या. पुढे मतदानासाठी कर आणि लिहिता-वाचता येण्याची परीक्षा लावून तिथल्या काळ्यांना मतपेटीपासून दूर ठेवलं गेलं, ते १९६५च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत. मतदान नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कापायच्या, अशी तरतूद त्याच १८६८च्या दुरुस्तीत आहे. तिच्याखाली आजवर एकाही राज्याची एकही जागा कापली गेलेली नाही.