वाद, जल्प व वितंडा

तत्त्वनिर्णयासाठी दोन पक्षांनी प्रमाण व तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा पक्ष नुसता खोडून काढणे म्हणजे वितंडा. न्यायशास्त्रात (भारतीय तर्कशास्त्रात) या तिहींना मिळून ‘कथा’ म्हणतात. मराठीत ‘वाद’ हा शब्द भांडण, खटला आणि मतप्रणाली अशा तिन्ही अर्थांनी रुळला आहे, ‘वितंडवाद’ही सर्वांच्या तोंडी आहे, जल्प मात्र व्यवहारातून गेला. येथे फक्त शास्त्रीय अर्थ विचारात घेतला आहे.

अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेल्या न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत. त्यांतील वाद, जल्प व वितंडा हे अनुक्रमे दहावा, अकरावा व बारावा. वादाचे लक्षण असे : ‘प्रमाणतर्कसाधनोपालम्भः सिद्धान्ताविरुद्धः पञ्चावयवोपपन्नः पक्षप्रतिपक्षपरिग्रहो वादः’ (१.२.१). मंडन व खंडन दोन्ही प्रमाण-तर्कांनी व्हावे, स्वीकारलेल्या सिद्धांताला बाध येऊ नये आणि प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन हे अनुमानाचे पाचही अवयव असावेत, असा त्याचा आशय. जल्पात याच्या जोडीला छल (शब्दांचा विपर्यास), जाती (वरवरच्या साम्यावर बेतलेली फसवी उत्तरे) व निग्रहस्थाने (पराभवाची ठिकाणे) वापरता येतात (१.२.२). सूत्राच्या शब्दांत फरक साधनांचा दिसतो. टीकाकारांनी मात्र तो बोलणाऱ्याच्या उद्देशावर नेऊन ठेवला. भासर्वज्ञाच्या न्यायसारात ‘वीतरागकथा’ (हारजितीची आसक्ती नसलेल्यांची) आणि ‘विजिगीषुकथा’ (जिंकू पाहणाऱ्यांची) अशी सरळ विभागणी आहे. कशासाठी बोलायचे हे आधी ठरते आणि बोलण्याचे नियम त्यातून येतात, ही या शास्त्राची मूळ भूमिका त्यामुळे अधिक स्पष्ट होते.

उगमाचा प्रश्न : न्यायसूत्रांचा काळ वादग्रस्त आहे. जर्मन संशोधक याकोबी यांनी ती इ. स. २०० ते ४५० यांच्या दरम्यान ठेवली. इतर अभ्यासक बहुधा दुसऱ्या शतकाच्या आसपास जातात. ग्रंथ एकाच हातचा नसावा, याबद्दल बरेचसे एकमत आहे. पहिला व पाचवा अध्याय मिळून एक जुनी वादपुस्तिका असावी आणि मधले अध्याय नंतर भरले गेले असावेत, हे मत आज अधिक मान्य आहे. पाचव्या अध्यायात २४ जाती व २२ निग्रहस्थाने यांखेरीज दुसरे काही नाही, हा त्याचा मोठा आधार.

वादविद्या प्रथम कोणत्या वर्तुळात घडली, यावर दोन टोके आहेत. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागातील आठव्या अध्यायात वादाचे सविस्तर विवेचन आहे. हा भाग मेधातिथी गौतमाच्या लुप्त आन्वीक्षिकीतून (तर्कविद्येच्या ग्रंथातून) उचलला आहे, असे सतीशचंद्र विद्याभूषण यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात प्रतिपादले. सुरेंद्रनाथ दासगुप्त यांनी याला पुरावा नसल्याचे दाखवून उलट बाजू मांडली : रोगाचे कारण काय आणि उपचार कोणता, यावर वैद्यांमध्ये झडणाऱ्या चर्चांतूनच हेतूविद्या (तर्कविद्या) वाढली असावी. परिभाषा ताडून पाहिली तर दोन्ही मते जरा ताणलेली वाटतात. चरकाच्या मते वाद हा मुळातच ‘विगृह्य’, म्हणजे विरोधाने केलेला. जल्प आणि वितंडा हे त्याचेच दोन प्रकार. न्यायसूत्रांत वाद हा त्या दोहोंहून वेगळा आणि वरचा. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असती, तर मुख्य संज्ञेतच एवढी उलटापालट झाली नसती. सभांमधून तोंडी चालत आलेला एक समान साठा दोघांनीही आपापल्या गरजेनुसार वापरला, असे मानणे बरे. चिनी भाषांतरात उरलेल्या उपायहृदय या बौद्ध ग्रंथात खंडनाचे प्रकार २४ ऐवजी २० आहेत, तेही याच अनुमानाला पोषक आहे.

न्यायसूत्रांतील वादाची जागा चरकाने ‘संधाय संभाषे’ला, म्हणजे सलोख्याच्या चर्चेला दिली आहे. तिचे नियम वैद्याच्या अनुभवातून आलेले दिसतात. मोकळेपणाने बोलावे, मोकळेपणाने विचारावे; हरण्याच्या भीतीने बावरू नये; समोरच्याला निरुत्तर केल्यावर हुरळून जाऊ नये आणि चारचौघांत त्याची फुशारकी मारू नये; अज्ञानाने एकच बाजू धरून बसू नये; जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. याच अध्यायात पुढे विगृह्य संभाषेचे डावपेच येतात, ते वाचून वाचक चपापतो. प्रतिपक्षी कमी शिकलेला असेल तर लांबलचक सूत्रे म्हणून त्याला दडपावे, सभेशी आधीच संधान बांधून त्याला अवघड जाईल असा विषय तिच्याकडून पुढे आणवावा, असा सल्ला संहिताकार निःसंकोच देतो. सभेचे ज्ञानवती व मूढ आणि त्या प्रत्येकीचे सुहृद, उदासीन व प्रतिनिविष्ट (आधीच विरोधात बसलेली) असे भेद त्याने केले आहेत ते याच हिशेबाने.

छल व निग्रहस्थाने : वक्त्याच्या शब्दाला त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून खंडन करणे म्हणजे छल. वाक्छल, सामान्यछल व उपचारछल हे त्याचे तीन प्रकार. वाक्छलाचे परंपरागत उदाहरण ‘नवकम्बलोऽयं माणवकः’ असे आहे. बोलणारा सांगतो की या मुलाची घोंगडी नवी आहे. छल करणारा म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते.’ उपचारछलात लाक्षणिक बोलणे शब्दशः धरतात : ‘मंच ओरडत आहेत’ म्हटल्यावर लाकूड कसे ओरडेल, असे विचारणे.

निग्रहस्थान म्हणजे पराभवाचे ठिकाण. सभेला व प्रतिवाद्याला तीनदा सांगूनही न कळेल असे बोलणे (अविज्ञातार्थ), प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडता न येणे (अननुभाषण), दोष नसता दोष लावणे (निरनुयोज्यानुयोग) ही त्यांतली काही. विक्षेप तर आजही ओळखीचा आहे : अडचण होताच ‘मला काम आहे’ म्हणून चर्चा तोडून निघून जाणे. जल्पात ही बावीसही स्थाने काढता येतात. वादात मात्र न्यून (अवयव कमी पडणे), अधिक (हेतू वा उदाहरण जास्त होणे), अपसिद्धांत (स्वीकारलेला सिद्धांत सोडणे) व पाच हेत्वाभास (खोटे हेतू) एवढ्यांचाच उल्लेख करायचा, असे उत्तरकालीन नैयायिक मानतात. कारण यांच्यामुळे प्रत्यक्ष निर्णयच बिघडतो. बाकीच्या चुका माणसाच्या असतात, आणि वादात माणसाला हरवायचे नसते. वाद कोणाशी करावा, तेही सूत्रकाराने सांगून ठेवले आहे : शिष्य, गुरू, सहाध्यायी, विशिष्ट विद्वान व श्रेयाची इच्छा असलेले यांच्याशी, आणि तेही असूया नसलेल्यांशी (४.२.४८).

काट्यांच्या कुंपणाचा दृष्टांत : मग जल्प-वितंडा शिकवायच्या कशाला? सूत्रकाराचे उत्तर : बीजाचा कोंभ राखण्यासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तशा त्या तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी (४.२.५०). बांधावर बाभळीच्या फांद्या रोवणाऱ्याला दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. पण तो पटतो का, हा प्रश्न उरतोच. सातव्या शतकाच्या सुमारास बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने आपल्या वादन्याय या ग्रंथात त्यावर थेट हल्ला चढवला. तत्त्वरक्षणासाठी सज्जनांनी छल करायचा, तर मग नखे, थपडा, शस्त्राचे वार आणि आग लावणे हेही चालेल असे म्हणा की, असा त्याचा टोला आहे. जैन तार्किकांनीही वाद हीच एकमेव कथा मानली. हेमचंद्राच्या प्रमाणमीमांसेत हा पक्ष स्पष्ट आहे. नैयायिकांची अडचण व्यवहाराची होती, राजसभेतल्या हारजितीला प्रतिष्ठा व आश्रय बांधलेला असे. तरीही या मुद्द्यावर धर्मकीर्तीचे पारडे जड वाटते.

वितंडेची बदनामी मात्र काहीशी अन्यायाची आहे. लक्षणात तिला केवळ ‘प्रतिपक्षस्थापनाहीन’ म्हटले आहे. स्वतःचा सिद्धांत न मांडता इतरांच्या सिद्धांतांची तपासणी करणारे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन व ‘खंडनखंडखाद्य’ लिहिणारा वेदांती श्रीहर्ष यांच्या पद्धतीकडे आधुनिक तत्त्वज्ञ बिमलकृष्ण मतिलाल यांनी प्रामाणिक वितंडा म्हणून पाहिले आहे.

इतर परंपरा : पाली मिलिंदपञ्ह या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की पंडितांसारखे बोलणार की राजांसारखे? पंडित चूक दाखवली तरी रागावत नाहीत. राजे न पटणाऱ्याला शिक्षा देतात. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘वचिगुती’ (वाणीचा संयम) सांगितली असून अकारण स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा टाळावी असे म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात संन्यासिनी सुलभा जनक राजाला सांगते, की वक्ता, श्रोता व वाक्य ही तिन्ही समपणे जुळली तरच अर्थ प्रकाशतो. श्रोत्याला जबाबदारीचा वाटा देणारे हे वचन न्यायग्रंथांत मात्र फारसे डोकावत नाही.

मराठीतील पडसाद : ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाच्या रूपकात तर्क हा परशू आहे, खंडित दात हा वार्तिकांनी (टीकाग्रंथांनी) खोडलेल्या बौद्धमताचा संकेत आहे, आणि अखंड दात? ‘तरी संवादु तोचि दशनु । जो समता शुभ्रवर्णु’. खंडन आणि संवाद एकाच मूर्तीत शेजारी ठेवणारी ही मांडणी वादशास्त्राच्या ओळखीशिवाय सुचणे कठीण. न्यायालयीन भाषेतील वादी, प्रतिवादी या संज्ञा त्याच शास्त्राच्या शब्दसाठ्यातल्या. पारिभाषिक अर्थांसाठी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश आजही उपयोगी पडतो. वाक्छलाचे नशीब मराठीत पालटले आहे : नवकंबलाच्या धर्तीचे उत्तर दिले, तर त्याला शाब्दिक कोटी म्हणतात आणि कोटी करणाऱ्याला निग्रहाऐवजी टाळ्या मिळतात.