डोंगरउतारावरचं शहर (रंगीत एचिंग)

तांब्याच्या नाहीतर झिंकच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खोदायच्या, त्यात रंगीत शाई भरायची आणि ओलसर कागदावर प्रेसमधून छाप काढायचा, हे झालं रंगीत एचिंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात या प्रकारात शहरांची चित्रं खूप निघाली आणि त्यात टेकडीवर चढत गेलेली शहरं मला सगळ्यात सुंदर वाटतात.

प्रागचंच बघा. खाली व्ल्तावा नदी, तिच्यावर चार्ल्स पूल, पलीकडे माला स्त्राना भागातली लाल कौलं एकावर एक आणि माथ्यावर किल्ला, त्यातून वर आलेले सेंट व्हिटस कॅथेड्रलचे मनोरे. चेक चित्रकार तावीक फ्रांतिशेक शिमोन (१८७७-१९४२) याने प्राग अनेकदा असं रंगीत एचिंगमध्ये केलंय. ऑस्ट्रियाचा लुइगी कासिमिर (१८८१-१९६२) आधी पेस्टलमध्ये स्केच करायचा आणि मग एकाच चित्रासाठी चार-सहा प्लेट बनवायचा.

सपाट शहरात पुढची घरं मागची झाकतात, उतारावर तसं होत नाही, प्रत्येक ओळ पुढचीच्या डोक्यावरून दिसते, आणि इथेच ॲक्वाटिंट कामाला येतं. प्लेटवर राळेची पूड भुरभुरवून खालून गरम केली की कण चिकटतात, ॲसिड त्या कणांच्या मधलं धातू खातं आणि रेषेऐवजी सलग छटा मिळते. लांबच्या घरांवर लवकर वॉर्निश लावून ॲसिड थांबवायचं म्हणजे ती फिकी राहतात, जवळची जास्त वेळ खाऊ द्यायची म्हणजे गडद होतात, असं करत करत टेकडी मागे सरकते.

रंग दोन तऱ्हांनी देतात. एकाच प्लेटवर कापडाच्या छोट्या बोळ्याने जागोजागी वेगवेगळी शाई लावायची, किंवा रंगागणिक वेगळी प्लेट करायची. दुसऱ्यात जुळवणी फार जपावी लागते, कागद अर्धा मिलिमीटर सरकला तरी कौलांचा लाल रंग आभाळात जातो. शिवाय छाप उलटा येतो, त्यामुळे प्लेटवर अख्खं शहर आरशातल्यासारखं काढावं लागतं, नाहीतर नदीच्या डावीकडचा किल्ला उजवीकडे! पुढे पॅरिसमध्ये हेटर या छापचित्रकाराच्या स्टुडिओत आपल्या कृष्णा रेड्डींनी हेटर आणि इतरांसोबत घट्ट-पातळ शाया वापरून एकाच प्लेटवर अनेक रंग छापायची पद्धत घडवली, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

खरा छाप ओळखायचा तर भिंगातून बघा. ऑफसेटच्या पोस्टरमध्ये ठिपक्यांची जाळी दिसते, एचिंगमध्ये शाई कागदावर किंचित उठलेली असते आणि चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन बहुतेक वेळा दिसतो.