पोटातलं पाणी ओतून देऊ नका

सोलापुरात विड्या वळणाऱ्या पन्नाशीच्या बायका पोट फुगलं की ‘गॅस झालाय’ म्हणतात. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसायचं, जेवणाला ठरलेली वेळ नाही, त्यामुळे ते पटतंही. पण दोन घासांत पोट गच्च व्हायला लागलं, घेर वाढतच चालला, तर सोनोग्राफी करायलाच हवी. अंडाशयाचा कर्करोग असाच गुपचूप पसरतो.

मग रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन, म्हणजे या कर्करोगाची खूण दाखवणारा मार्कर, तपासतात. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली तयार केलेल्या अँटिबॉडीमुळे हा मार्कर हाती आला. एरवी तो ३५ युनिटच्या आत असतो. ५०० आला की घरचे हाय खातात. पण पोटाच्या टीबीतही तो शेकड्यांत जातो आणि पोटात पाणीही होतं! टीबीला गोळ्यांचा कोर्स, कर्करोगाला ऑपरेशन आणि केमो. निव्वळ आकड्यावर निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरं उत्तर बऱ्याचदा त्या पाण्यातच असतं. रुग्णाला मोकळं वाटावं म्हणून दोन-तीन लिटर पाणी काढतात आणि कधीकधी तसंच ओतून देतात, याचं फार वाईट वाटतं. ते लॅबमध्ये यंत्रात गरगर फिरवलं की पेशी तळाशी बसतात. त्या गाळाचा मेणात ठोकळा करून तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या कापतात आणि त्यांवर अँटिबॉडी सोडतात. आपलं प्रथिन भेटलं तरच ती चिकटते, आणि तिथे तपकिरी रंग उमटतो.

पॅक्स-८ या प्रथिनाच्या अँटिबॉडीने पेशीचं केंद्रक रंगलं तर संशय अंडाशयाकडे किंवा गर्भनलिकेकडे जातो, मात्र मूत्रपिंड आणि थायरॉइडही याच मार्करला रंगतात. म्हणून जोडीला डब्ल्यूटी-१ ही दुसरी अँटिबॉडी लावतात. पण पोटाच्या पोकळीच्या अस्तराच्या निरोगी पेशीही डब्ल्यूटी-१ला रंगतात; त्यांना वेगळं काढायला कॅलरेटिनिन ही तिसरी. एका अँटिबॉडीवर भागत नाही ते यामुळेच.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती पी-५३ या प्रथिनाची स्लाइड. या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात त्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. मग बहुतेक केंद्रकं गडद तपकिरी दिसतात, नाहीतर साफ कोरी. कोरी दिसली की आधी शेजारच्या निरोगी पेशी बघायच्या. त्यांत फिकट तपकिरी छटा असेल तर रंग नीट लागलाय, म्हणजे गाठीच्या पेशींतलं प्रथिनच गायब आहे.

हा प्रकार ठरला की बीआरसीए जनुकांची तपासणी करून घ्यावी; त्यांतला दोष आईकडून मुलांत उतरू शकतो. त्यात दोष निघाला तर त्या बाईच्या लेकींनाही तपासणीला बोलवायचं.